‘ब्रेक गाडीनं मारायला हवा होता’: अडासच्या गाडीचा अपघात आणि भरपाईचा हिशेब

प्रश्न विचारणारा कोल्हापूरच्या राजारामपुरीतला तरुण आहे, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. गाडी वडिलांच्या नावावर, नवी, लेव्हल २ अडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा असलेली. ऐन गळीत हंगामात रात्री कागलकडून येताना क्रूझ (वेग आपोआप सांभाळणारं) आणि लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या आत ठेवणारं) दोन्ही चालू होतं. उचगावच्या अलीकडे पुढे उसाची ट्रॉली आली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. गाडीनं वेग कमी केलाच नाही. शेवटच्या क्षणी यानं स्टिअरिंग ओढलं. ट्रॉली चुकली, पण शेजारच्या लेनमधला मोटारसायकलस्वार उडाला. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तो शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला आहे. गुन्हा गाडी चालवणाऱ्यावर नोंदला गेला. आता याचे तीन प्रश्न आहेत: दोष कंपनीचा नाही का? विमा कंपनी पैसे देईल का? आणि सर्व्हिस सेंटरवाले ‘गाडी आणा, तपासून नवं सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणतायत, तर द्यावी का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो थांबू शकत नाही. गाडी देऊ नका. नवं सॉफ्टवेअर तर नाहीच, त्यांचा स्कॅनरही लावू देऊ नका. कारण पुढे सांगतो.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ऐकायला गोड नाही. जखमी माणसासाठी गाडी तुम्हीच चालवत होता, आणि आजच्या कायद्यालाही तसंच दिसतं. कंपनीचा दोष असू शकतो, नाही असं मी म्हणत नाही. पण ते भांडण तुमचं आणि तुमच्या विमा कंपनीचं, गाडी बनवणाऱ्याशी आहे. पाय गमावलेल्या माणसाला त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही. आणि त्या भांडणाचा निकाल कोर्टात लागायच्या आधीच बराचसा ठरून जातो: अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गाडीतली नोंद शाबूत राहिली की गेली, यावर.

लेव्हलचा घोळ आधी मिटवू. शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. आपल्याकडे २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आली आणि त्यानंतर मध्यम किमतीच्या गाड्यांतही अडास दिसू लागलं. हे सगळं पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचं आहे. लेव्हल २ मध्ये गाडी एकाच वेळी वेग सांभाळते आणि लेनही धरते, पण रस्त्यावर नजर ठेवण्याचं काम पूर्णपणे माणसाचं. लेव्हल ३ ला नजर ठेवण्याचं काम ठराविक परिस्थितीत गाडीकडे जातं. मर्सिडीजनं जर्मनीत २०२२ मध्ये तशी यंत्रणा विकायला सुरुवात केली, तीही सुरुवातीला ताशी ६० किमीपर्यंत आणि ठराविक महामार्गांवरच. जबाबदारीची रेघ कायद्यात दोन आणि तीनच्या मधून जाते. तुमची गाडी रेघेच्या अलीकडची आहे. सेल्समन काहीही म्हणाला असला तरी.

यापेक्षा जवळचं उदाहरण आपल्याच नियमांत आहे. शिकाऊ लायसन्सवाला गाडी चालवत असताना शेजारी परवानाधारक माणूस बसलेला असायला हवा, तोही असा की गाडी त्याला थांबवता येईल. लेव्हल २ ची यंत्रणा म्हणजे तो शिकाऊ चालक, आणि तुम्ही शेजारी बसलेला परवानाधारक. शिकाऊ पोरानं धडक दिली तर ‘मी कुठे चालवत होतो’ असं परवानाधारकाला म्हणता येत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात चालक म्हणजे हाडामांसाचा माणूस, ज्याच्याकडे कलम ३ प्रमाणे परवाना हवा. सॉफ्टवेअरला चालक मानण्याची सोय त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २ब घातलं, त्याखाली संशोधनासाठी काही वाहनांना केंद्र सरकार कायद्यातून सूट देऊ शकतं. पण ती दारं चाचणीसाठी आहेत, तुमच्या-माझ्या गाडीसाठी नाहीत. चालकविरहित गाड्या इथे येऊ देणार नाही, ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील, असं नितीन गडकरी २०१७ पासून सांगत आलेत. त्यामुळे स्वयंचलित गाडीसाठी वेगळा जबाबदारीचा कायदा आपल्याकडे नाही, आणि न्यायाधीशांना जुन्याच कायद्यातून वाट काढावी लागते. ती वाट वाटते तितकी अडचणीची नाही.

आता मोटारसायकलवाल्याच्या बाजूनं बघू. तुम्हाला आवडणार नाही, पण समोरचा वकील काय करणार हे कळल्याशिवाय स्वतःची बाजू मांडता येत नाही. तो मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे, म्हणजे कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, कलम १६६ खाली अर्ज करणार. विरुद्ध पक्षकार: चालक म्हणून तुम्ही, मालक म्हणून वडील, तुमची विमा कंपनी. आणि वकील जाणता असेल तर ट्रॅक्टरचा मालक आणि त्याची विमा कंपनीसुद्धा. वडील गाडीत नव्हते हे कारण चालत नाही. आरसीवर नाव आहे तो मालक. गाडी विकून नाव बदललं नसेल तरीही कागदावरचाच मालक धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात सांगितलंय. कोल्हापूरच्या, म्हणजे एमएच-०९ च्या जुन्या गाड्या नाव न बदलता दोन-दोन हात फिरतात, त्या सगळ्यांनी हे वाचावं.

त्याला तुमची चूक फौजदारी खटल्यासारखी शंकेपलीकडे सिद्ध करायची नसते. दोन्हीकडचं तोलून जे जास्त संभाव्य दिसेल ते पुरतं, बिमला देवी खटल्यापासून (२००९) हे पक्कं झालंय. ‘चूक माझी नाही, यंत्राची’ या बचावालाही फार बळ नाही. कौशनुमा बेगम खटल्यात (२००१) जीपचा टायर फुटून ती उलटली आणि पायी जाणारा माणूस दगावला. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नव्हता, तरी धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्यानं भरपाई द्यावी असं न्यायालय म्हणालं. टायरच्या जागी रडार घाला, युक्तिवाद जवळपास तोच राहतो. त्याच्या आधीचा मिनू मेहता निकाल चूक दाखवावीच लागेल असं सांगतो, आणि मालकाच्या बाजूचे वकील तो काढतात. पण त्यातही यंत्र बिघडलं म्हणणाऱ्या मालकानं आपण पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवायचं असतं. प्राधिकरणापुढे तो बचाव क्वचितच तग धरतो.

रक्कम किती, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. समजा त्याचं वय ३४, पगार २०,००० रुपये, नोकरी कायम नाही. वर्षाचे २,४०,०००. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला भट्टीपुढचं काम जमणार नाही, म्हणून कमाईची क्षमता ६० टक्क्यांनी घटली असं प्राधिकरणानं धरलं तर वर्षाचं नुकसान २,०१,६००. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे त्या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्यानं गुणायचं तो आकडा, १६. झाले ३२,२५,६००. वर दवाखाना, कृत्रिम पाय, यातना, व्याज. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर अपंगत्वाचा टक्का ६० पेक्षा कमी असेल, पण प्राधिकरण कागदावरचा टक्का जसाच्या तसा न घेता कामावर झालेला परिणाम बघतं. फाउंड्रीतला माणूस आणि बँकेतला माणूस, पाय तोच गेला तरी आकडा वेगळा निघतो.

दुसरी वाट कलम १६४ ची. चूक कोणाची हे न विचारता गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. अडासच्या प्रकरणात ही वाट मोहात पाडते, कारण सॉफ्टवेअरचा वादच येत नाही. पण विमा कंपनीच्या तडजोडीच्या मार्गानं ती रक्कम स्वीकारली की प्राधिकरणापुढचा दावा संपतो. बत्तीस लाखांचा दावा अडीच लाखांवर सोडून देणारे लोक मी पाहिलेत, दवाखान्याच्या बिलानं माणूस घायकुतीला आलेला असतो म्हणून. असा फॉर्म जखमीच्या घरच्यांपुढे येईल तेव्हा ‘मिटून जाऊ दे’ म्हणत तुम्ही त्यांच्या मागे लागू नका. तुमच्या खिशातून तसंही काही जाणार नाहीये, आणि ते का, ते आता सांगतो.

थर्ड पार्टी विमा असेल तर जखमीला पैसे विमा कंपनी देते. ती कधी हात वर करू शकते याची यादी कलम १५०(२) मध्ये आहे: परवाना नसणं, परमिटशिवाय भाड्यानं वापर, शर्यत, दारू पिऊन चालवणं, हप्ता न भरलेला असणं, अशी. ‘अडास चालू होतं’ किंवा ‘हात स्टिअरिंगवर नव्हते’ हे कारण त्या यादीत नाही. यादीबाहेरचं कारण काढून थर्ड पार्टीचे पैसे नाकारता येत नाहीत. यादीतलं कारण असलं तरी स्वर्ण सिंग निकालापासून (२००४) परवान्यासारख्या बाबतीत ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश होऊ शकतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं मात्र वेगळं. तिथे पॉलिसीच्या अटी चालतात, आणि स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून यंत्रणेला फसवणारे महाभाग असतात तशातले तुम्ही निघालात तर कंपनी तो दावा फेटाळेल. फेटाळावाच, असं माझं मत आहे.

ट्रॅक्टरवाला सुटत नाही. तुमची गाडी आणि ती ट्रॉली, दोघांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली की जखमी माणूस दोघांपैकी कोणाहीकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, हे खेन्येई निकालात (२०१५) स्पष्ट आहे. वाटणी नंतर तुमची तुम्ही करा. अडचण अशी की ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी म्हणून काढलेला असतो, ट्रॉलीचा अनेकदा नसतोच, आणि अपघातानंतर ती ट्रॉली कारखान्याच्या गव्हाणीत रिकामी होऊन कुठल्या कुठे जाते. ट्रॅक्टरचा नंबर आणि ट्रॉलीचा फोटो तुमच्याकडे आहे का? डॅशकॅममध्ये असेल तर तो भाग आजच वेगळा काढून ठेवा. कारखान्याचा वाहतूक करार कोणाच्या नावावर होता तेही शोधायला हवं, कारण करारात रिफ्लेक्टरची अट असली आणि ती पाळली गेली नसली तर पाठपुरावा करायला आणखी एक जागा मिळते. माझ्या बघण्यात हंगामातल्या रात्रीच्या अपघातांत गाड्यांच्या वेगाइतकाच हा अंधार कारणीभूत असतो, आणि दरवर्षी रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होऊनही तो उरतोच.

आता कंपनी. तुमच्या गाडीनं ट्रॉली ‘पाहिली’ का नाही? यात जादू नाही. बंपरमागचं रडार समोरून परत आलेल्या लहरींवरून अंतर आणि वेग काढतं. महामार्गाच्या वेगानं जाताना कमानी, दुभाजक, फलक अशा स्थिर वस्तूंकडून इतक्या लहरी येतात की यंत्रणा त्यातल्या बऱ्याचशा गाळते, नाहीतर गाडी दर शंभर मीटरवर ब्रेक मारेल. थांबलेली किंवा अगदी हळू चाललेली वस्तू त्या गाळणीत जाऊ शकते. कॅमेरा गाडीचा मागचा भाग ओळखायला शिकवलेला असतो, म्हणजे दिवे, नंबरप्लेट, चौकोनी आकार. उसाच्या ट्रॉलीला यातलं काहीच नसतं, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले वाढे आणि काळोख. मॅन्युअल उघडा, बहुतेक त्यात लिहिलेलं सापडेल: थांबलेली वाहनं, बाहेर आलेला माल, दुचाकी, कमी उजेड, पाऊस यांत यंत्रणा ओळखण्यात चुकू शकते.

कंपनीचा बचाव त्याच पानावर उभा राहणार, आणि तुमचा हल्लाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे उत्पादनात बनावटीचा दोष, रचनेचा दोष, दिलेल्या हमीशी विसंगती, किंवा योग्य वापराच्या सूचना आणि इशारे अपुरे असले तर निर्माता जबाबदार. हमी पाळली गेली नसेल तर आपण निष्काळजी नव्हतो हे दाखवूनही तो सुटत नाही. उलट कलम ८७ प्रमाणे गैरवापर केला किंवा उत्पादनात फेरफार केला तर विक्रेत्याला सूट मिळते, आणि स्वतः विकणारा निर्माताही विक्रेत्यात धरला जातो. म्हणून प्रश्न असा मांडायचा: इशारा मॅन्युअलच्या आत कुठेतरी बारीक टाइपात होता, आणि जाहिरातीत मात्र माणूस हात सोडून हसत बसलेला होता, तर ग्राहकानं कशावर विश्वास ठेवायचा? ब्रोशर, जाहिरातीचे व्हिडिओ, टेस्ट ड्राइव्हच्या वेळी सेल्समननं पाठवलेले व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं जपा. जाहिराती बदलतात, काढून टाकल्या जातात. मेसेज तुमच्या फोनमध्ये राहतो, फोन बदलला नाही तर.

उसाचा हंगाम असलेल्या देशात गाडी विकायची आणि ऊस ओळखायचा नाही, हा रचनेचा दोष म्हणता येईल का? मला वाटतं, मांडण्यासारखा मुद्दा आहे. जिंकेलच असं नाही. रचना कोणत्या वापरासाठी होती हे बघताना गाडी कोल्हापुरात विकली, स्टुटगार्टमध्ये नाही, याला वजन असलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ह्युंदाईच्या क्रेटा गाडीतल्या न उघडलेल्या एअरबॅगच्या प्रकरणात म्हटलं, की किती जोराच्या धडकेला एअरबॅग उघडेल याचं गणित करायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो. सुरक्षेचं म्हणून जे पैसे घेऊन विकलं ते गरजेच्या वेळी चाललं पाहिजे, ही अपेक्षा न्यायालयानं रास्त मानली. निकाल जुन्या ग्राहक कायद्याखालचा आहे, पण अडासच्या वादात मी तो पहिल्या पानावर लावेन.

मंच कोणता? ग्राहक आयोगात तुम्ही, म्हणजे गाडी ज्यांच्या नावावर आहे ते वडील, दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकता. गाडीची किंमत पन्नास लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगातच. पण प्राधिकरणाच्या दाव्यातही कंपनीला ओढता येतं असं मी मानतो. केरळात बस आणि रेल्वेची धडक झालेल्या एका प्रकरणात रेल्वेला दाव्यात आणता येईल का हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९७ मध्ये निकाल झाला की मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात इतर कोणाचीही चूक मिसळली असेल तर प्राधिकरण त्याच्याविरुद्धही आदेश देऊ शकतं. रेल्वे चालते तर गाडी बनवणारी कंपनी का नाही? तुमच्या लेखी जबाबात हा मुद्दा पहिल्याच वेळी घ्या आणि कंपनीला पक्षकार करण्याचा अर्ज द्या. विमा कंपनीच्या वकिलालाही सांगा, कारण पैसे तिचे जाणार आहेत. गंमत म्हणजे विमा कंपन्या अजून यात फारशा उत्साही नाहीत. छोट्या दाव्यासाठी तज्ज्ञ नेमण्याचा खर्च त्यांना परवडत नाही असं म्हणतात. बत्तीस लाखांवर कदाचित परवडेल.

जखमीच्या बाजूनं मी असतो तर मात्र कंपनीला जोडायच्या आधी दोनदा विचार केला असता. कंपनी मुंबई-दिल्लीचे वकील आणते, तज्ज्ञ आणते, तारखा पडतात. त्याला पैसे मिळायला तुमचा विमा पुरेसा आहे.

परदेशात काय झालं तेही सांगतो, कारण इथले वकील आता ते निकाल वाचून येतात. अॅरिझोनातल्या टेम्पी शहरात मार्च २०१८ मध्ये उबरच्या चाचणीच्या गाडीनं सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना धडक दिली आणि त्या दगावल्या. यंत्रणेनं त्यांना पाच-सहा सेकंद आधी टिपलं होतं, पण वाहन, सायकल, इतर काही, असं वर्गीकरण बदलत राहिली. गाडीत बसलेली देखरेख करणारी चालक मोबाइलवर कार्यक्रम बघत होती असं तपासात निघालं. उबरवर फौजदारी खटला झाला नाही, चालकानं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची देखरेखीखालची मुक्तता मिळाली. फ्लोरिडातल्या २०१९ च्या टेस्ला अपघातात चित्र पालटलं. चालक खाली पडलेला फोन उचलायला वाकला होता, त्यानं चूक मान्यही केली, तरी मायामीच्या ज्यूरीनं ऑगस्ट २०२५ मध्ये ३३ टक्के दोष कंपनीवर टाकला, आणि दंडात्मक भरपाई धरून कंपनीच्या वाट्याला सुमारे २४ कोटी डॉलर आले. कंपनीला तो निकाल मान्य नाही. आपल्याकडे असली दंडात्मक रक्कम मिळणार नाही. पण चालकाची चूक आणि कंपनीचा दोष एकाच वेळी असू शकतात, हे तिथून घेण्यासारखं आहे. ‘दोष कंपनीचा नाही का’ असं तुम्ही विचारता तेव्हा सगळा दोष तिचा असं धरून चालता. ते सोडा. ३० टक्के मिळाले तरी खूप झालं.

ब्रिटननं २०१८ च्या कायद्यातच वाट काढली होती: गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीनं जखमीला आधी पैसे द्यायचे आणि मग गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून वसूल करायचे. २०२४ च्या कायद्यानं त्यापुढे जाऊन, यंत्रणा चालवत असताना झालेल्या ड्रायव्हिंगच्या गुन्ह्यांतून आत बसलेल्या माणसाला मोकळीक दिली. आपल्याकडे ‘द्या आणि वसूल करा’ ही पद्धत प्राधिकरणांच्या हाडात भिनलेली आहे. वसुली चालकाऐवजी निर्मात्याकडून करता येईल एवढी एक ओळ कायद्यात आली तर निम्मं काम होईल.

आता पुराव्याकडे, म्हणजे त्या सर्व्हिस सेंटरकडे. बऱ्याच नव्या गाड्यांत एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेच्या आधीची साधारण पाच सेकंदं नोंदली जातात: वेग, ब्रेक, अॅक्सिलरेटर, काही गाड्यांत स्टिअरिंगचा कोनही. एअरबॅग उघडली नसेल तर ती नोंद पक्की बंद होत नाही, पुढच्या एखाद्या धक्क्यानं तिच्यावर दुसरी नोंद चढू शकते. अडास चालू होतं का, हात स्टिअरिंगवर ठेवा अशी सूचना कधी दिली, हे वेगळ्या युनिटमध्ये किंवा कनेक्टेड गाडी असेल तर कंपनीच्या सर्व्हरवर. नवं सॉफ्टवेअर टाकलं की अपघाताच्या वेळी कोणतं सॉफ्टवेअर होतं हाच पुरावा जातो. सर्व्हिस सेंटरवाले मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही. त्यांच्यासाठी ते रोजचं काम आहे.

पोलिसांनी गाडी जप्त केली असेल तर आरटीओचा इन्स्पेक्टर ब्रेक, टायर, दिवे बघून अहवाल देतो. तो रडारची नोंद वाचत नाही. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन तात्पुरत्या ताब्यात, गाडी सोडवून घ्यायच्या आधी तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या की कंट्रोल युनिटची नोंद तज्ज्ञाकडून पंचांसमक्ष काढावी, आणि पोच घ्या. ऐकलं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे तोच अर्ज. नोंद कोर्टात टिकायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये नंतर बदल झाला नाही हे दाखवणारा आकडा, लिहावी लागते. पेन ड्राइव्हवर कॉपी करून आणलेली फाइल टिकत नाही. चौकातले आणि पेट्रोल पंपावरचे कॅमेरे काही दिवसांत जुनं पुसतात, त्यामुळे तेही याच आठवड्यात.

आणि हो, ती नोंद तुमच्या विरुद्धही जाऊ शकते. वेग ११५ निघाला, सूचना तीनदा आली आणि तुम्ही दाद दिली नाही असं निघालं, तर कंपनीवरचा दावा तिथेच गळून पडेल. चौपदरी महामार्गावर केंद्रानं मोटारींसाठी ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० आहे, आणि जिथे फलकावर त्याहून कमी आकडा असेल तिथे तोच. तरीही पुसण्याचा विचार करू नका. पुरावा नष्ट करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

फौजदारी बाजू थोडक्यात. गंभीर दुखापतीला त्याच न्याय संहितेचं कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. बेदरकार चालवण्याला २८१. दोन्ही जामीनपात्र. माणूस दगावला असता तर १०६(१), कमाल पाच वर्षं. इथे चूक शंकेपलीकडे सिद्ध करावी लागते, त्यामुळे दिवा नसलेली ट्रॉली आणि न लागलेला ब्रेक हे इथे जास्त उपयोगी पडतात, भरपाईच्या दाव्यापेक्षा. पण जबाबात ‘गाडी स्वतः चालत होती, माझं लक्ष नव्हतं’ असं वाक्य गेलं असेल तर पंचाईत. तुमचा जबाब काय लिहिला आहे ते आधी बघा. ‘गाडी स्वतः चालत होती’ हा बचाव नाही, कबुली आहे.

तुम्ही शहरातल्या वापराचंही ओझरतं विचारलंय. महाद्वार रोड, मिरजकर तिकटी, नवरात्रात भवानी मंडपाकडची गर्दी, इथे क्रूझ लावणं म्हणजे हौस. आपोआप ब्रेकिंग मात्र चालू असतं, आणि शहरात त्याची वेगळीच अडचण होते: गाडी फलकाच्या सावलीला किंवा अंगावर येणाऱ्या रिक्षाला घाबरून मध्येच थांबते आणि मागचा आपटतो. मागून धडकणाऱ्याचीच चूक असं सगळे धरून चालतात. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोइमतूरच्या एका प्रकरणात महामार्गावर इशारा न देता अचानक ब्रेक लावणाऱ्या कारचालकावर ५० टक्के दोष टाकला, मागून येणाऱ्या बसवर ३० आणि दुचाकीवाल्या मुलावर २०. तिथे ब्रेक माणसानं मारला होता. गाडीनं विनाकारण मारला तर तेच ५० टक्के आधी तुमच्यावर येणार. गाडी अशी वारंवार थांबत असेल तर सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या आणि जॉबकार्डवर ते शब्द लिहून घ्या. तोंडी सांगून आलेल्यांच्या हातात नंतर काही राहत नाही.

सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणामुळे जिथे जुने पट्टे आणि नवे पट्टे एकावर एक दिसतात, तिथे लेन असिस्ट बंद ठेवा. चुकीच्या पट्ट्यामुळे अपघात झाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली ठेकेदारावर किंवा रस्त्याच्या यंत्रणेवर कारवाईची तरतूद आहे, पण तो दंड एक लाखापर्यंतच.

मुदती लक्षात ठेवा. कलम १६६ चा दावा अपघातापासून सहा महिन्यांत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्याच्या भरवशावर कोणी बसू नये. ही मुदत जखमीला आहे, तुम्हाला नाही. मात्र तुमच्या गाडीचं नुकसान दुसऱ्या वाहनाच्या चुकीनं झालं म्हणून ट्रॅक्टरवर दावा करायचा असेल तर तुम्हालाही तीच लागू. निकालावर अपील ९० दिवसांत, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठीही.

उद्या सकाळी करायचं काम एकच: कंपनीला नोटीस. गाडीचा चेसिस नंबर, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण लिहा. त्या प्रवासाची सर्व्हरवरची आणि गाडीतली सगळी नोंद, त्या वेळची सॉफ्टवेअर आवृत्ती आणि अशाच प्रकारच्या इतर तक्रारी जपून ठेवा, वादाची पूर्वसूचना समजा, असं स्पष्ट म्हणा. स्पीड पोस्टानं पोचपावतीसह आणि ईमेलनंही पाठवा. डीलरला प्रत द्या, पण मूळ नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर गेली पाहिजे. नुसती शोरूमला दिलेली नोटीस ‘आम्हाला मिळालीच नाही’ म्हणायला कंपनीला मोकळं ठेवते. नोटिशीवर सही वडिलांची.